‘तो यायच्या आधी संध्याकाळी काय करायचीस तू?’

ब्रेकअप होऊन बावीस दिवस झाले होते तेव्हा मी पहिल्यांदा कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमकडे गेले. बावीस हा आकडा नीट लक्षात आहे कारण तेव्हा मी रोज मोजायचे, सकाळी डोळे उघडले की आधी आकडा आणि मग बाकीचं सगळं. खरं तर मी स्वतःहून गेलेच नव्हते. रूममेटने अपॉइंटमेंट घेतली, मला दारापर्यंत सोडलं आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली, मी मधूनच पळ काढू नये म्हणून. आत गेल्यावर मी जवळपास वीस मिनिटं फक्त त्याच्याबद्दल बोलत होते. तो काय म्हणाला, मग मी काय म्हणाले, मग त्याने ते कसं घेतलं, शेवटचा मेसेज किती वाजता आला, त्याच्या शेवटी पूर्णविराम होता की नव्हता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. आणि मग एवढंच विचारलं, "तो यायच्या आधी संध्याकाळी काय करायचीस तू?"

मला पटकन सांगताच येईना.

थोड्या वेळाने आठवलं तसं. मी बॅडमिंटन खेळायचे. फर्स्ट इयरला आमचा चौघींचा ग्रुप ठरलेला होता, कोर्ट मिळायची मारामार म्हणून एकजण लेक्चर संपल्या संपल्या पळत जाऊन नंबर लावायची, बाकीच्या तिघी तिची बॅग घेऊन मागून यायच्या. रोज. पाऊस असो, टेस्ट असो. मॅडमना हे सांगताना मला असं वाटत होतं की मी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगतेय, जिला मी कधीतरी ओळखायचे. बावीस दिवस मी त्याच्यासाठी रडत होते, त्या खोलीत मी पहिल्यांदा त्या बॅग घेऊन धावणाऱ्या मुलीसाठी रडले.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पण अजूनही ओळखीतली कुणी ना कुणी, बहुतेक वेळा लहान बहिणीच्या मैत्रिणी, रात्री उशिरा मेसेज करतात, ‘ताई जागी आहेस का’. आणि मग जे बोलणं होतं ते ऐकताना मला दर वेळी ती खोली आठवते. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं, जेवढं मला कळलंय तेवढं.

मॅडमनी त्या दिवशी एका कागदावर वर्तुळांच्या जोड्या काढल्या. पहिल्या जोडीत दोन वर्तुळं एकमेकांना जेमतेम टेकलेली, पुढच्या जोडीत थोडी एकमेकांत शिरलेली, असं करत करत शेवटच्या जोडीत दोन्ही जवळजवळ एकावर एक. एकूण सात जोड्या. म्हणाल्या, यातली तुमची कुठली? मी एक क्षणही विचार न करता शेवटच्या जोडीवर बोट ठेवलं, आणि खरं सांगते, ठेवताना मला थोडा अभिमानच वाटत होता. बघा आमचं किती घट्ट होतं. नंतर कळलं की ही वर्तुळं मॅडमनी स्वतःच्या मनाने काढली नव्हती, मानसशास्त्रात नातं किती जवळचं आहे हे मोजायला ती वापरतातच. आर्थर अ‍ॅरन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही पद्धत मांडली. त्यांचा मूळ विचार असा की आपण कुणाच्या जवळ जातो तेव्हा त्या माणसाच्या आवडी, माहिती, नजर असं बरंच काही आपल्यात येतं, आपलं ‘मी’ मोठं होतं, आणि प्रेमात पडल्यावर जो आनंद होतो त्यातला मोठा भाग या मोठं होण्याचाच असतो.

हे मला शंभर टक्के पटतं. माझंही झालं होतं. त्याच्यामुळे मी बुद्धिबळ शिकले, त्याच्या आधी मला घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं. त्याच्यामुळे मी वर्गात हात वर करून प्रश्न विचारायला लागले, कारण तो बिनधास्त विचारायचा आणि कुणी हसलं तरी त्याला काही वाटायचं नाही. पहिले पाच सहा महिने मी खरंच मोठी झाले. म्हणून जेव्हा मोठी माणसं ‘कॉलेजात हे असले धंदे कशाला’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. ते धंदे नसतात. अठरा एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना कुणीतरी पहिल्यांदा जवळून बघत असतं, घरच्यांच्या नजरेने नाही, मार्कांच्या नजरेने नाही, त्याची किंमत कमी लेखू नये. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या आयुष्याचे टप्पे मांडले त्यात तरुणपणाच्या टप्प्याचं मुख्य कामच हे सांगितलंय, जवळीक जमणं, नाहीतर एकटेपण. पण त्याच्या मांडणीत त्याच्या आधीचा टप्पा म्हणजे ‘मी कोण’ हे ठरवणं. आणि कॉलेजात गंमत, म्हणजे अडचणच म्हणूया, अशी होते की दोन्ही कामं एकदमच अंगावर येतात. मी कोण हे अजून ठरायचंय, आणि त्याच वेळी आम्ही कोण हेही.

माझं वर्तुळ कधी गायब झालं हे मला नक्की सांगता येत नाही, कारण कुणी ते हिसकावून घेतलं नव्हतं. तो वाईट मुलगा नव्हता. त्याने कधी मला खेळायला जाऊ नकोस म्हटलं नाही. एकदा त्याला बरं नव्हतं म्हणून मी गेले नाही. मग एकदा त्याची प्रॅक्टिकल लवकर संपली म्हणून नाही गेले. मग गेले पण मन लागेना, सारखा फोन बघत होते, आणि मैत्रीण म्हणाली अगं तू खेळतेयस की काय करतेयस, तेव्हा मला तिचाच राग आला. मग त्यांनी चौथी मुलगी शोधली. मला कुणी काढलं नाही, माझ्या जागी फक्त कुणीतरी आलं. कॅन्टीनमधलं टेबल बदललं. इलेक्टिव्ह त्याने घेतलं तेच मी घेतलं, मला तो विषय आवडत नव्हता, अजूनही नाही आवडत. आईचा फोन त्याच्यासोबत असताना आला की ‘नंतर करते गं’, आणि तो नंतर दोन दोन दिवस यायचा नाही. तो ज्यांना कंटाळवाणं म्हणायचा ती माणसं मलाही कंटाळवाणी वाटायला लागली. यातली एकही गोष्ट मोठी नाही. एक एक सुटी घेतली तर कुणीही म्हणेल यात काय एवढं. पण दीड वर्षात माझ्याकडे असं काहीही उरलं नव्हतं जे फक्त माझं होतं, आणि हे मला तो गेल्यावर कळलं. तो होता तोवर ती जागा रिकामी आहे हे दिसतच नव्हतं, कारण तिथे तो बसलेला होता.

२०१० मध्ये एरिका स्लॉटर, वेंडी गार्डनर आणि एली फिंकेल यांचा एक अभ्यास आला होता, तो मी खूप नंतर वाचला आणि वाचताना अंगावर काटा आला. त्यांनी दाखवलं की ब्रेकअपनंतर माणसाची स्वतःबद्दलची कल्पनाच धूसर होते, मी कसा आहे, मला काय आवडतं हे नीट सांगता येईनासं होतं, आणि ब्रेकअपनंतरच्या मानसिक त्रासाशी या धूसरपणाचा थेट संबंध असतो. मला वाटायचं मला त्याची आठवण येतेय. येतच होती. पण रविवारी दुपारी कॉटवर पडून छताकडे बघत ‘आता काय करू’ असं जे वाटायचं, ती त्याची आठवण नव्हती. तेव्हा मला स्वतःसाठी एक दुपार कशी घालवायची हेच माहीत नव्हतं.

आता शेवटचे चार महिने. यावर थोडं सविस्तर लिहिते कारण मेसेज करणाऱ्या दहापैकी आठ मुली इथेच अडकलेल्या असतात, ब्रेकअप झालेला नसतो आणि नातंही धड उरलेलं नसतं. तो कधी खूप छान बोलायचा, अगदी पहिल्यासारखा, आणि मग दोन दिवस नुसतं ‘हं’ आणि ‘बघू’. निळ्या टिक्स दिसायच्या, टायपिंग दिसायचं, मग टायपिंग बंद व्हायचं. मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत त्या तीन ठिपक्यांकडे बघत बसायचे. आणि जितकं कमी मिळायचं तितकी मी जास्त अडकत गेले, हे मला तेव्हा प्रेमाचं लक्षण वाटायचं. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग दाणा बंद झाला, तर कबुतर थोड्या वेळाने नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो कधी नाही, कितव्यांदा मिळेल त्याचा नेमच नाही, असं असेल तर ते चोच मारतच राहतं, मारतच राहतं, दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी वेळ. जुगाराच्या मशीनपुढे बसलेला माणूस उठत नाही त्याचं कारणही हेच. तर ज्या माणसाचा मूड कधी कसा असेल याचा नेम नाही त्याच्यापासून सुटणं सगळ्यात अवघड जातं, आणि त्यात तुमचा मूर्खपणा काही नसतो, आपली डोकी तशी घडलेली आहेत. पण हे कळलं की एक गोष्ट करता येते. ‘मी याच्याशिवाय राहू शकत नाही म्हणजे हेच खरं प्रेम’ असा जो हिशोब आपण मनात मांडतो, तो थांबवता येतो. अडकणं आणि प्रेम असणं हे वेगवेगळं मोजायला लागतं.

यातच जोडून आणखी एक. पासवर्ड मागणं, लोकेशन कायम चालू ठेवायला लावणं, कुणाशी बोललीस त्याचे स्क्रीनशॉट मागणं, हे काळजीच्या नावाखाली येतं. माझ्या बाबतीत हे झालं नाही, पण आमच्याच मजल्यावरच्या एका मुलीच्या बाबतीत झालं आणि आम्ही सगळ्या म्हणायचो ‘किती पझेसिव्ह आहे ना, किती प्रेम करतो’. मला आजही त्याचं वाईट वाटतं. ती घाबरलेली असायची. फोन वाजला की तिचा चेहरा बदलायचा आणि तो आम्हाला दिसत होता. काळजी करणाऱ्या माणसाचा फोन आल्यावर पोटात गोळा येत नाही, एवढी साधी खूण आम्हाला कळायला हवी होती.

ब्रेकअप झाला तो परीक्षेच्या पाच आठवडे आधी. फोनवर, अकरा मिनिटांत. त्यानंतरचे पहिले काही दिवस मला छातीत खरोखरचं दुखायचं, इथे, बरोबर मधोमध. मी घाबरून डॉक्टरकडेही जाऊन आले, सगळं नॉर्मल. तेव्हा मला वाटलं मी नाटक करतेय. २०११ मध्ये इथन क्रॉस आणि त्यांच्या टीमने नुकतंच नको असताना नातं तुटलेल्या चाळीस जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं, एकदा त्यांना त्या माणसाचा फोटो दाखवून आणि एकदा हाताला चटका बसेल इतपत उष्णता देऊन, तर शरीराचं दुखणं नोंदवणारे मेंदूतले काही भाग दोन्ही वेळा जागे झालेले दिसले. पुढे २०१४ मध्ये दुसऱ्या एका टीमने आणखी बारकाईने पाहिलं आणि सांगितलं की जागा एकच असली तरी आतला पॅटर्न वेगळा असतो, म्हणजे दोन्ही दुखणी अगदी एकच आहेत असं म्हणता येणार नाही. ठीक आहे. मला त्यातून एवढंच हवं होतं की हे नाटक नाही. २०१० चा हेलन फिशर यांचा अभ्यासही असाच, नाकारलेल्या पण अजून प्रेमात असलेल्या पंधरा तरुण मुलामुलींना त्या माणसाचा फोटो दाखवला तेव्हा मेंदूत जे भाग पेटले त्यात व्यसनाची तलफ येते तेव्हाचे भागही होते. तलफ! हा शब्द वाचला आणि मला माझे रात्रीचे अडीच आठवले, ब्लॉक काढायचा, डीपी बघायचा, परत ब्लॉक करायचं.

या बघण्याबद्दल मी कुणालाही ‘बघू नकोस’ असं नुसतं सांगत नाही कारण मला सांगितलं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता. ‘विसर त्याला’ हेही तसंच. डॅनियल वेगनरने १९८७ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला होता, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. झालं, अस्वल काही जाईना. आणि पुढच्या पाच मिनिटांत आता खुशाल करा विचार म्हटल्यावर त्या मुलांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षाही जास्त वेळा आलं. विसरायला सांगणं म्हणजे डोक्यात अस्वल पाठवणंच आहे. पण बघण्याचं तसं नाही, विचार हातात नसतो, अंगठा असतो. २०१२ मध्ये टारा मार्शल यांनी ४६४ जणांचा अभ्यास केला, फेसबुकवर जुन्या जोडीदाराच्या पेजवर सारखं डोकावणाऱ्यांना त्रास जास्त होता, ओढ जास्त होती आणि ते स्वतः पुढे कमी सरकले होते. आता डोकावल्यामुळे त्रास वाढतो की त्रास जास्त असतो म्हणून माणूस डोकावतो हे त्यातून ठरत नाही, दोन्हीही असेल. माझ्या रूममेटने काय केलं, तर रात्री अकराला माझा फोन स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपायची. मला रागवायची नाही, उपदेश करायची नाही. ‘सकाळी देते’ एवढंच. पहिल्या तीन रात्री मी तिच्याशी भांडले. चौथ्या रात्री झोपले, सलग पाच तास, कित्येक आठवड्यांनी. झोप झाल्यावर जग काही सुंदर दिसलं नाही, पण पुस्तक उघडून एक पान वाचता आलं आणि ते पान डोक्यात राहिलं.

मॅडमनी लिहायला सांगितलं होतं. त्याला पाठवायला नाही, कुणालाच दाखवायला नाही, रोज पंधरा मिनिटं, शुद्धलेखन वगैरे न बघता. हेही जुनं आहे, जेम्स पेनेबेकरने १९८६ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिताना आणि लगेच नंतर त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं, पण जे घडलं ते आणि त्याबद्दल काय वाटलं ते असं दोन्ही लिहिणारे पुढच्या काही महिन्यांत आजारी म्हणून कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेले. मलाही पहिले दोन दिवस भयंकर गेले. तिसऱ्या दिवशी मी लिहिता लिहिता एक वाक्य लिहिलं आणि थांबले. ‘मला तो विषय कधीच आवडत नव्हता.’ इलेक्टिव्हबद्दल. त्याच्याबद्दल काहीतरी लिहीत होते आणि मध्येच हे आलं. ते माझं होतं, पूर्ण माझं, दीड वर्षात पहिल्यांदा.

आता जे सोडून जातात त्यांच्याबद्दलही लिहायला हवं कारण त्यांना कुणी विचारत नाही. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एकतर्फी प्रेमाच्या दोन्ही बाजूंच्या कहाण्या गोळा केल्या होत्या, तर नकार देणाऱ्यांच्या कहाण्या अपराधीपणाने भरलेल्या निघाल्या, नकार कसा द्यायचा हे कुणी शिकवलेलंच नसतं, दुखवायचं नसतं म्हणून लोक धूसर बोलतात आणि समोरचा त्या धुक्यातच आशा शोधत राहतो. त्याने मला ‘सध्या माझं काही ठरत नाहीये’ असं महिनाभर सांगितलं. त्या ‘सध्या’वर मी महिनाभर जगले. आज मला वाटतं त्यालाही नाही म्हणता येत नव्हतं. राग गेला असं नाही, पण कळतं. स्पष्ट आणि एकदाच सांगावं, मेसेजवर नाही, समोर किंवा निदान बोलून, आणि सांगून झालं की रोज रात्री ‘बरी आहेस ना’ विचारू नये. ते विचारण्याने बरं त्यालाच वाटतं, तिला नाही.

आणि जर कुणी म्हणत असेल की तू गेलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन, तर ते ओझं एकट्याने उचलायचं नाही. खरं असेल की धमकी याचा निवाडा रात्री एक वाजता एकोणीस वर्षांच्या मुलीने करायचा नसतो. त्याच्या घरच्यांना, रेक्टरला, शिक्षकांना, जे कुणी ताबडतोब त्याच्याजवळ पोचू शकतं त्याला लगेच सांगायचं, त्याने कितीही शपथ घातली तरी. जीव वाचवणं हे एक काम आहे आणि नात्यात राहणं हे दुसरं, पहिलं करण्यासाठी दुसरं करावं लागत नाही. आणि ते विचार तुमच्या स्वतःच्या मनात येत असतील तर ते आजच्या आज कुणाला तरी तोंडाने सांगा, मैत्रिणीला, हेल्पलाइनला, डॉक्टरला, कुणालाही, आणि रात्र एकट्याने काढू नका.

मुलांचं आणखी वेगळं. आमच्या वर्गातल्या एका मुलाचं माझ्याच आसपास ब्रेकअप झालं होतं. मला दाराबाहेर बसणारी रूममेट होती, त्याला त्याच्या मित्रांनी ‘सोड ना यार, दुसरी मिळेल’ म्हणून चार दिवस फिरवलं आणि पाचव्या दिवशी विषय संपला. त्यांच्या दृष्टीने. तो वर्गात यायचा बंद झाला, आम्हाला वाटलं अभ्यास करत असेल. सेमिस्टर गेलं त्याचं. नंतर तो मला म्हणाला की मला कुणीतरी फक्त ‘कसा आहेस’ असं दोनदा विचारायला हवं होतं. एकदा विचारल्यावर मी बरा आहे म्हणायचो, दुसऱ्यांदा विचारलं असतं तर सांगितलं असतं. तेव्हापासून मी दोनदा विचारते.

दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो हे मला बऱ्याच जणी विचारतात. डॉक्टर साधारण दोन आठवडे धरतात, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन खचलेलं असणं किंवा कशातच रस न वाटणं, त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटणं, असं असेल तर दाखवायचं. दाखवल्यावर ते म्हणाले की हे डिप्रेशन नाही, तरी काही बिघडत नाही. मला मॅडम म्हणाल्या होत्या की तू शोक करतेयस, त्याला वेळ दे, पण झोप आणि जेवण यावर मी तुझं काही ऐकणार नाही. सहा वेळा गेले मी त्यांच्याकडे.

एक अभ्यास मला त्यांनीच सांगितला होता, पॉल ईस्टविक आणि सहकाऱ्यांचा, २००८ चा. फर्स्ट इयरच्या मुलांना नात्यात असतानाच विचारून ठेवलं की हे तुटलं तर तुम्हाला किती त्रास होईल, आणि मग ज्यांचं खरंच तुटलं त्यांना त्रास किती झाला ते पाहिलं. प्रत्यक्षातला त्रास अंदाजापेक्षा कमी निघाला, आणि जे जास्त प्रेमात होते त्यांचा अंदाज जास्त चुकला. बावीस दिवसांच्या मला हे सांगितलं तेव्हा मला अपमान वाटला होता. आज मी कुणालाही लगेच हे सांगत नाही, आधी ऐकून घेते.

बॅडमिंटनला मी परत गेले ते पुढच्या सेमिस्टरला. सोपं नव्हतं, त्यांची चौथी आता पक्की होती, मी बाहेर बाकावर बसून बघायचे आणि कुणाचा पाय दुखला की आत जायचे. एकदम सगळं आधीसारखं झालं नाही. चौघींपैकी एक आजही माझ्याशी जपूनच बोलते, आणि तिचं बरोबर आहे.

पण मला सगळ्यात जास्त बोचतं ते रूममेटचं. परीक्षा संपली त्या रात्री आम्ही सामान बांधत होतो आणि तिच्या कपाटातून एक फाइल खाली पडली, आत तीन कंपन्यांच्या इंटरव्ह्यूचे कागद. तिन्हीकडून नकार. तारखा बघितल्या तर पहिल्या दोन माझ्या त्या शेवटच्या चार महिन्यांतल्या, जेव्हा मी तिच्या शेजारच्या कॉटवर तीन ठिपक्यांकडे बघत बसायचे. तिसऱ्याची तारीख तर ब्रेकअपच्या नंतरची, म्हणजे माझा फोन उशीखाली घेऊन झोपणारी मुलगी सकाळी उठून इंटरव्ह्यूला जाऊन आली होती. मी विचारलं, अगं तू मला काहीच कसं बोलली नाहीस? ती सामान भरता भरता म्हणाली, "पहिल्याचं सांगितलं होतं. तू हो हो म्हणालीस आणि फोन बघितलास."

मला राग आला होता तेव्हा, असंही म्हणाली. चांगलाच आला होता.

मी फाइल तिच्या हातात दिली, बॅग बाजूला सारली आणि तिच्या कॉटवर जाऊन बसले. म्हटलं, पहिल्यापासून सांग. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, फोन कुठे आहे ते बघायला. फोन टेबलावर पालथा पडला होता. मग ती बसली आणि सांगायला लागली.